‘स्कॅनर’ म्हणतात तो कागद

हल्ली बाजारात पैसे देण्याची वेळ आली की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, “स्कॅनर कुठंय?” अहिल्यानगरचा भाजीबाजार असो, राहुरीतली चहाची टपरी असो की संगमनेरच्या बसस्थानकाबाहेरची केळ्यांची गाडी असो, विक्रेता काळ्यापांढऱ्या घरांचा एक चौकोन पुढे करतो, गिऱ्हाईक त्यावर आपला फोन धरते आणि व्यवहार पुरा होतो. त्या चौकोनाचे खरे नाव क्यूआर कोड. बोलण्यात मात्र त्याला ‘स्कॅनर’ हेच नाव पडले आहे.

वस्तुतः स्कॅनर म्हणजे वाचणारे साधन. येथे वाचण्याचे काम गिऱ्हाइकाचा फोन करतो. टपरीवर चिकटवलेला कागद काही वाचत नाही, काही पाठवत नाही आणि पैसे आले की नाही हेही त्याला कळत नाही. त्यात वीज नाही, तार नाही, चीप नाही. फळ्यावर खडूने लिहिलेल्या पत्त्याइतकाच तो निष्क्रिय आहे. नावाची ही अदलाबदल किरकोळ वाटेल. परंतु तिच्यामुळे कागदाच्या अंगी नसलेली शक्ती आपण त्याला बहाल करतो. पैशांच्या फसवणुकीचा एक नेहमीचा प्रकार याच गैरसमजावर उभा आहे. त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

पाठ्यपुस्तकाचे पान, औषधाचे वेष्टन, आधार पत्र, लग्नपत्रिका अशा सर्व ठिकाणी आता हा चौकोन दिसतो. विद्यार्थी त्याविषयी विचारणार आणि गावातली मंडळीही शिक्षकालाच विचारणार. तेव्हा या चौकोनात काय असते, फोन तो कसा वाचतो आणि वाचल्यानंतर आपण कोठे जाऊन पोहोचतो, हे क्रमाने पाहू या.

रेघांची भाषा

क्यूआर कोडचा थोरला भाऊ म्हणजे बारकोड. नॉर्मन वूडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकी तरुणांनी १९४९ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ साली त्यांना पेटंट मिळाले. मात्र स्वस्त लेसर व लहान संगणक हाताशी येईपर्यंत ही कल्पना दुकानात आली नाही. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावच्या दुकानात च्युइंगगमचे एक पाकीट बारकोड वाचून विकले गेले, तेव्हापासून त्याचा प्रसार सुरू झाला.

आपल्याकडे बारकोड पाहण्यासाठी मोठ्या दुकानात जायला नको. गोठ्यातल्या गाईच्या कानाला पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडी क्रमांक आणि त्याच क्रमांकाचा बारकोड छापलेला असतो. लसीकरण करणारे पशुवैद्यक त्याच्या आधारे त्या जनावराची नोंद शोधतात. दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांना हा बिल्ला नवा नाही.

बारकोडमध्ये माहिती असते ती रेघांच्या आणि त्यांमधल्या मोकळ्या जागांच्या रुंदीत. रेघांची उंची कितीही वाढवली तरी माहिती वाढत नाही, तीच माहिती वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा येते. म्हणून बारकोडचा वरचा भाग फाटला तरी खालच्या भागावरून तो वाचता येतो. पण याचा अर्थ असाही होतो की कागदाच्या दोन मितींपैकी एकच मिती कामी आली आणि दुसरी वाया गेली.

चूक ओळखणारा अंक

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवतो. बिस्किटाच्या पुड्यावर बारकोडखाली तेरा अंक असतात. भारतात नोंदलेल्या उत्पादकांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. या तेरांपैकी शेवटचा अंक वस्तूविषयी काही सांगत नाही. आधीचे बारा अंक बरोबर वाचले गेले की नाहीत, एवढे तो पाहतो.

८९०२४६८१३५७९ हे बारा अंक उदाहरणादाखल घेऊ. डावीकडून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज करा : ८ + ० + ४ + ८ + ३ + ७ = ३०. सम स्थानांवरील अंकांची बेरीज करून तिला ३ ने गुणा : ९ + २ + ६ + १ + ५ + ९ = ३२ आणि ३२ × ३ = ९६. दोन्ही मिळून १२६ होतात. यात जो अंक मिळवला असता दहाची पट येते, तो तपासणी अंक. १२६ मध्ये ४ मिळवले की १३० होतात. म्हणून तेरावा अंक ४.

आता समजा पाचव्या स्थानावरील ४ ऐवजी यंत्राने ७ वाचला. मग एकूण बेरीज १३३ होईल. तिला दहाने भाग जात नाही, म्हणून यंत्र ते वाचन नाकारते. कोणताही एक अंक चुकला तरी ही पद्धत ती चूक पकडते. मात्र चूक कोठे झाली आणि बरोबर अंक कोणता, हे तिला सांगता येत नाही. चूक ओळखणे आणि चूक दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवावा, कारण क्यूआर कोडचे खरे वैशिष्ट्य तेथेच आहे.

कारखान्यातली अडचण

क्यूआर कोडचा जन्म दुकानासाठी झाला नाही. जपानमधील डेन्सो ही कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते. तेथे भागांच्या खोक्यांवर बारकोड लावलेले असत. एका बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरे मावत. त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगारांना दिवसाकाठी शेकडो वेळा वाचक यंत्र फिरवावे लागे. ही तक्रार मासाहिरो हारा या अभियंत्याकडे आली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ साली क्यूआर कोड तयार केला. इंग्रजीतील ‘क्विक रिस्पॉन्स’ म्हणजे झटपट प्रतिसाद या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले.

उभ्या व आडव्या अशा दोन्ही मितींत माहिती भरण्याची कल्पना एकट्या हारांची नव्हती. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा होता. खोक्यावर अक्षरे, चित्रे, चिकटपट्ट्या असा सगळा पसारा असतो. त्यातून कोड नेमका कोठे आहे हे यंत्राला पटकन कसे कळावे? त्यासाठी त्यांनी कोडच्या तीन कोपऱ्यांत चौकोनात चौकोन अशी खूण ठेवली. या खुणेच्या मध्यातून सरळ रेघ ओढली तर काळे, पांढरे, काळे, पांढरे, काळे असे पट्टे १ : १ : ३ : १ : १ या प्रमाणात लागतात. हे प्रमाण ठरवण्यासाठी हारांनी पत्रके, मासिके, खोकी अशा नाना प्रकारच्या छपाईतील काळ्यापांढऱ्या भागांची मापे घेतली आणि त्यांत सर्वांत कमी आढळणारे प्रमाण निवडले. साहजिकच भोवतीच्या मजकुराला कोड समजण्याची चूक यंत्राकडून क्वचितच होते.

कंपनीने पेटंट आपल्याकडे ठेवले, परंतु नियमानुसार क्यूआर कोड वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २००२ साली जपानमध्ये क्यूआर कोड वाचणारे मोबाईल फोन आले. आपल्या टपरीवरच्या कागदामागे अशी तीस वर्षांहून अधिक काळाची वाटचाल आहे.

फोन हा चौकोन कसा वाचतो?

सर्वांत लहान क्यूआर कोड २१ × २१ घरांचा असतो. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत बाजूला चार घरे वाढत जातात आणि चाळिसावी आवृत्ती १७७ × १७७ घरांची होते. काळे घर म्हणजे १ आणि पांढरे घर म्हणजे ०, असे ढोबळमानाने समजावे.

फोनचा कॅमेरा प्रथम साधे छायाचित्र घेतो. त्यातील प्रत्येक बिंदू काळा धरायचा की पांढरा हे ठरवले जाते. मग त्या चित्रात १ : १ : ३ : १ : १ हे प्रमाण शोधले जाते. तीन खुणा सापडल्या की चौथा, मोकळा कोपरा कोणता हे आपोआप कळते आणि कोड उलटा धरला आहे की आडवा हेही समजते. फोन तिरपा धरला असेल तर चौकोन चित्रात वेडावाकडा येतो, त्याला गणिताने पुन्हा चौरस केले जाते. खुणांना जोडणाऱ्या काळ्यापांढऱ्या घरांच्या एकाआड एक ओळी असतात. त्या मोजपट्टीसारख्या वापरून प्रत्येक घराचा मध्य ठरवला जातो आणि तेथला रंग वाचला जातो.

येथे एक अडचण उरते. मजकुरामुळे कोठे काळ्या घरांचा मोठा पुंजका तयार झाला, किंवा योगायोगाने कोपऱ्यातल्या खुणेसारखी आकृती मध्येच उमटली, तर फोन गोंधळेल. म्हणून कोड बनवतानाच आठ ठरावीक नक्ष्यांपैकी सर्वांत सोयीची नक्षी त्यावर चढवून काही घरांचे रंग उलट केलेले असतात. कोणती नक्षी वापरली त्याची नोंद कोडमध्येच दोन ठिकाणी असते. फोन ती नोंद वाचून नक्षी उतरवतो आणि मूळ शून्य-एकांची माळ हाती येते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथपर्यंतच्या कामाला इंटरनेट मुळीच लागत नाही. हे पडताळून पाहणे सोपे आहे. फोन विमान मोडवर टाका आणि पाठ्यपुस्तकातला कोड वाचा. बहुतेक फोन आतला पत्ता पडद्यावर दाखवतील. तो पत्ता उघडू पाहिल्यावर मात्र काहीच येणार नाही. कोड ‘वाचणे’ आणि त्याने दाखवलेल्या ठिकाणी ‘जाणे’ या दोन पायऱ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना यातून प्रत्यक्ष दिसते.

फाटला तरी चालतो, तो कसा?

टपरीवरचा कोड उन्हापावसाने विटतो, त्यावर चहाचे डाग पडतात, एखादा कोपरा फाटतो. तरीही तो बहुधा काम देतो. याचे श्रेय अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांकडे जाते. त्यांनी १९६० साली चूक-दुरुस्तीची एक रीत मांडली. ध्वनिफितींच्या जागी आलेल्या सीडीवर ओरखडे असूनही गाणे नीट वाजे, ते याच रीतीमुळे.

या रीतीचे मर्म आठवी-नववीच्या वर्गात आलेखाच्या कागदावर दाखवता येते. समजा आपल्याला ३ आणि ५ हे दोन अंक पाठवायचे आहेत. आलेखावर (१, ३) आणि (२, ५) हे बिंदू मांडा व त्यांतून सरळ रेषा काढा. ही रेषा पुढे (३, ७) आणि (४, ९) या बिंदूंतून जाते. आता दोन अंकांऐवजी ३, ५, ७, ९ असे चार अंक पाठवा. वाटेत कोणतेही दोन अंक पुसले गेले तरी उरलेल्या दोन बिंदूंवरून तीच रेषा काढता येते आणि पुसलेले अंक परत मिळतात.

याहून अवघड स्थिती म्हणजे अंक पुसला न जाता बदलला जाणे. समजा ३, ५, ४, ९ असे अंक मिळाले. आलेखावर पहिला, दुसरा आणि चौथा बिंदू एका रेषेत येतात, तिसरा मात्र बाजूला पडतो. म्हणजे चूक तिसऱ्या अंकात आहे आणि तेथे ७ हवा, हे दोन्ही एकदमच कळते. तपासणी अंकाला जे जमले नव्हते ते येथे जमले. अर्थात दोन जादा अंक पाठवण्याची किंमत आपण त्यासाठी मोजली. प्रत्यक्ष कोडमध्ये सरळ रेषेऐवजी अधिक वरच्या घाताची बहुपदी असते आणि बेरीज-गुणाकाराचे नियमही थोडे निराळे असतात. तत्त्व मात्र हेच.

सर्वांत लहान कोडमध्ये एकूण २६ बाइट मावतात. दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर त्यांतील फक्त ९ बाइट मूळ मजकुराला मिळतात आणि १७ बाइट दुरुस्तीसाठी राखले जातात. त्या बळावर २६ पैकी ८ बाइट चुकीचे वाचले गेले तरी मजकूर जसाच्या तसा मिळतो. दुरुस्तीच्या अशा चार पातळ्या आहेत : सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. कोडच्या मध्यभागी एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह छापलेले आपण पाहतो, तेव्हा त्या जागेची घरे जाणूनबुजून झाकलेली असतात आणि ती हानी हे जादा बाइट भरून काढतात. कोपऱ्यांतल्या तीन खुणा मात्र या दुरुस्तीत येत नाहीत. तेथे कागद फाटला तर फोनला कोड शोधणेच अवघड होते.

आत ऐवज की नुसता पत्ता?

चौकोनाचे गणित कितीही पक्के असले तरी ते एवढीच हमी देते की जे छापले तेच वाचले गेले. जे छापले ते खरे आहे की खोटे, याविषयी गणित काहीच बोलत नाही. म्हणून प्रत्येक कोडबद्दल दोन प्रश्न विचारावेत : याच्या आत प्रत्यक्ष माहिती आहे की फक्त पत्ता? आणि पत्ता असेल तर त्या टोकाला कोण आहे?

आधार पत्रावरील कोड पहिल्या प्रकारात मोडतो. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारची सुरुवात झाली. पुढे प्राधिकरणाने त्याच्या पत्रावर जो सुरक्षित कोड आणला त्यात धारकाचे नाव, पत्ता, जन्मतारीख इतकेच नव्हे तर लहानसे छायाचित्रही साठवलेले असते. सोबत प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी म्हणजे गुप्त किल्ली वापरून मजकुरावरून काढलेली एक मोठी संख्या. जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते, पण गुप्त किल्लीशिवाय नवी बनवता येत नाही. पत्रावरचे नाव कोणी खोडून बदलले तरी कोडमधला मजकूर बदलत नाही आणि कोडच बदलला तर स्वाक्षरी जुळत नाही. ही पडताळणी इंटरनेटशिवाय होऊ शकते.

औषधांचे उदाहरणही वर्गात दाखवण्याजोगे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात अधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती त्यातून मिळावी अशी अपेक्षा आहे.

पाठ्यपुस्तकातला कोड दुसऱ्या प्रकारचा. अहिल्यानगरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. कोड वाचला की कवितेचे ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडे. २०१७ साली राज्याने पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी शिक्षक दिनी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

‘दीक्षा’च्या योजनेत एक दूरदृष्टी आहे. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक लहान संकेत छापलेला असतो. कॅमेरा चालत नसेल तर तो संकेत टंकलिखित करूनही त्या पाठाचे साहित्य मिळते. शिवाय कोडमध्ये साहित्य नसून केवळ त्याचा कायम संकेत असल्यामुळे पुस्तक न बदलता त्यामागचे साहित्य सुधारता येते. पण याचीच दुसरी बाजू अशी की अकोले तालुक्यातल्या एखाद्या डोंगरवाडीत मोबाईलची रेंज नसेल, तर त्या पानावर उरतो तो फक्त पत्ता. ज्या शाळेला जादा साहित्याची सर्वाधिक गरज आहे तेथेच ते पोहोचत नाही. अशा ठिकाणी शिक्षकांनी तालुक्याच्या गावी साहित्य आधीच फोनमध्ये उतरवून ठेवणे हा सध्यातरी व्यवहार्य मार्ग आहे.

पैसे कोणी घेतले?

आता पुन्हा टपरीवर येऊ. आपल्याकडे यूपीआय ही प्रणाली एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. टपरीवरच्या कोडमध्ये असतो तो विक्रेत्याचा देयक-पत्ता आणि बहुधा त्याचे नाव. फोन तो पत्ता वाचतो, आपण रक्कम घालतो, यूपीआय पिन देतो आणि आपली बँक विक्रेत्याच्या बँकेला पैसे पाठवते. हा सारा प्रवास फोन व बँका यांच्या दरम्यान होतो. भिंतीवरचा कागद त्यात कोठेच नाही.

म्हणूनच विक्रेत्यापुढे एक नवी अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने “झाले” म्हणून पडदा दाखवला तर ते खरे मानायचे का? पडदा बनावट असू शकतो. दोन्ही हात भाजीत गुंतलेल्या बाईंना दर वेळी स्वतःचा फोन उघडणे शक्य नसते. ही उणीव ‘साउंडबॉक्स’ नावाच्या लहान पेटीने भरून काढली. साधारण २०१९ पासून ती आपल्याकडे दिसू लागली. तिच्यात सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडून तिला मिळतो आणि ती रक्कम मराठीतही बोलून दाखवते. कागद मुका व बहिरा असल्यामुळे ही बोलकी पेटी लागली, असे विद्यार्थ्यांना सांगता येईल.

फसवणुकीचे दोन प्रकार शिक्षकांनी आवर्जून समजावून द्यावेत. पहिला म्हणजे दुकानदाराच्या कोडवर दुसराच कोड चिकटवणे. चौकोन पाहून डोळ्यांना फरक कळत नाही. उपाय सोपा आहे : पिन देण्यापूर्वी फोनवर उमटणारे नाव मोठ्याने वाचावे आणि दुकानदाराला विचारावे. दुसरा प्रकार अधिक घातक. जुनी मोटारसायकल किंवा शेळी विकण्याची जाहिरात पाहून कोणी फोन करते, “तुम्हाला आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन घाला” असे म्हणते. ‘स्कॅनर’ म्हणजे पैसे देणारे-घेणारे यंत्र अशी समजूत असलेला माणूस तसे करतो आणि त्याच्याच खात्यातून पैसे जातात. देयक-पत्ता वाचणाऱ्याच्या फोनमधून पैसे बाहेर जातात, आत येत नाहीत. पैसे मिळवण्यासाठी कोड वाचावा लागत नाही आणि पिनही कधीच लागत नाही. हे एक वाक्य मुलांकरवी घरोघरी गेले तरी बरेच नुकसान टळेल. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळवले तर रक्कम वाटेतच थोपवता येण्याची शक्यता अधिक असते.

शाळेच्या आवारातला कोड

अनेक शाळांत आता झाडांवर क्यूआर कोडच्या पाट्या लावतात. उपक्रम चांगला आहे, पण एक सावधगिरी घ्यावी. कोड फुकट बनवून देणारी काही संकेतस्थळे आपल्या कोडमध्ये स्वतःचाच पत्ता घालतात आणि तेथून आपल्या पानाकडे वळवतात. ठरावीक मुदत संपली की पैसे मागतात किंवा वळवणे बंद करतात. मग झाड वाढत राहते आणि पाटी निकामी होते. पत्ता आपल्याच पानाचा असला तरी तो बदलू शकतो. अहमदनगरचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्यांच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात जुने नाव होते त्यांनी पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट ठेवली नाही, तर आधी छापलेले सर्व कोड एका दिवसात मुके होतील.

याला पर्याय म्हणजे माहितीच कोडमध्ये भरणे. मोठ्यात मोठ्या कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची चिन्हे वेगळी मोजली जातात. म्हणजे ‘वड’ला ६, ‘चिंच’ला १२ आणि ‘कडुनिंब’ला २१ बाइट. शंभर चिन्हांच्या टिपणाला तीनशे बाइट पुरतात आणि ते १५ टक्के दुरुस्तीसह ६९ × ६९ घरांच्या कोडमध्ये सहज बसते. झाडाचे नाव, कूळ आणि कोणत्या वर्गाने कोणत्या वर्षी ते लावले, एवढे त्यात येते. असा कोड वाचायला ना संकेतस्थळ लागते ना रेंज. पाटी किती मोठी करावी यासाठी साधारण नियम असा की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. दोन मीटरवरून वाचायचा असेल तर वीस सेंटिमीटर रुंदी हवी. कोडभोवती चार घरांइतकी पांढरी किनार मात्र ठेवलीच पाहिजे.

याच्या जोडीला एक प्रकल्प देता येईल. गावात, घरात, पुस्तकांत दिसणारे क्यूआर कोड विद्यार्थ्यांनी शोधावेत आणि वहीत चार रकाने आखावेत : कोड कोठे आहे, आत माहिती आहे की पत्ता, पत्ता कोणाचा आहे आणि तो आज चालू आहे का. कोड वाचताना फोन विमान मोडवर ठेवावा, म्हणजे अनोळखी ठिकाणी चुकून जाणे होणार नाही. सहा महिन्यांनी तीच यादी घेऊन पुन्हा फेरी मारावी आणि चौथा रकाना नव्याने भरावा. किती कोड अजून वाचता येतात आणि त्यांपैकी किती पत्ते अजून उघडतात, या दोन संख्यांमध्ये फरक निघाला तर तो कशामुळे पडला, याची चर्चा वर्गात करावी.